ई-बुक रीडर: वापरावा कसा, जपावा कसा

ई-बुक रीडर हे एकाच कामासाठी घडवलेले साधन आहे आणि नीट वापरले तर ते अनेक वर्षे साथ देते. त्यात पंखा नसतो, फिरणारे भाग नसतात आणि प्रोसेसरवर फारसा ताणही येत नाही. मात्र पडदा आणि बॅटरी या दोन भागांच्या बाबतीत हयगय चालत नाही. जपणुकीचे बहुतेक नियम या दोन भागांच्या घडणीतूनच येतात, त्यामुळे नियमांची यादी पाठ करण्यापेक्षा ही घडण एकदा समजून घेणे अधिक उपयोगाचे ठरते. याखेरीज जपण्याची आणखी एक गोष्ट म्हणजे त्यातली पुस्तके. यंत्र नवे घेता येते. पण वर्षानुवर्षे जमवलेला संग्रह आणि त्याच्या समासात केलेली टिपणे एकदा गेली की ती पुन्हा मिळवणे फार कठीण असते.

पडदा कसा चालतो आणि कशाने फुटतो

बहुतेक रीडरमध्ये ई-इंक पद्धतीचा पडदा असतो. हे तंत्र विकसित करणारी ई इंक ही कंपनी १९९७ साली एमआयटीच्या मीडिया लॅबमधील संशोधनातून उभी राहिली आणि २००४ साली सोनीने जपानमध्ये आणलेल्या लिब्रिए या रीडरपासून हा पडदा वाचकांच्या हातात आला. या पडद्यात पारदर्शक द्रवाने भरलेल्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण असतात आणि त्यांच्यावर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. पडद्याखालून योग्य त्या जागी विद्युतदाब दिला की पांढरे किंवा काळे कण वर येतात आणि अक्षर उमटते. कण एकदा जागेवर बसले की त्यांना तिथे टिकवून ठेवायला वीज लागत नाही. म्हणूनच रीडर बंद असतानाही त्याच्या पडद्यावर चित्र दिसत राहते आणि म्हणूनच त्याची बॅटरी मोबाइलपेक्षा कितीतरी अधिक दिवस पुरते.

हा पडदा स्वतः प्रकाश फेकत नाही. त्यावर पडलेला उजेड परावर्तित होऊन आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. त्यामुळे भर उन्हात तो अधिक स्पष्ट दिसतो. त्याच्या मर्यादाही याच घडणीतून येतात. कणांना हलायला वेळ लागतो, म्हणून पान उलटताना क्षणभर थांबावे लागते, आणि थंड हवेत द्रवातील हालचाल मंदावल्याने हा वेळ आणखी वाढतो. काळ्यापांढऱ्या पडद्यावर सामान्यतः करड्या रंगाच्या १६ छटाच उमटतात. रंगीत पडद्यांवर या थरावर रंगांची गाळणी बसवलेली असते; तिच्यामुळे पडदा थोडा काळवंडलेला वाटतो आणि रंगीत भागाची स्पष्टता कमी असते. उदाहरणार्थ, कॅलिडो ३ या पडद्यावर काळी अक्षरे इंचाला ३०० बिंदूंची असतात, तर रंगीत चित्रे १५० बिंदूंची. ज्यांचे वाचन मुख्यतः कादंबऱ्या, निबंध आणि चरित्रे यांचे आहे त्यांनी काळापांढरा पडदाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. आपण ज्याला स्पर्श करतो त्या खरखरीत, चकाकी नसलेल्या पृष्ठभागाखाली कुप्यांचा थर असतो आणि त्याच्याही खाली विद्युतदाब देणाऱ्या सूक्ष्म ट्रान्झिस्टरांचे जाळे असते. बहुतेक रीडरमध्ये हे जाळे अतिशय पातळ काचेवर घडवलेले असते. काही थोड्या रीडरमध्ये काचेऐवजी लवचीक प्लास्टिकचा पाया असतो. पण आपल्या यंत्रात तो आहे असे गृहीत धरू नये. ही आतली काच ओरखड्याने नव्हे, दाबाने आणि वाकल्याने तडकते. ती तडकते तेव्हा वरचा पृष्ठभाग अनेकदा अगदी शाबूत दिसतो. हात फिरवला तरी भेग लागत नाही. पण पडद्याच्या एका भागात आडव्या-उभ्या रेषा दिसू लागतात किंवा एका कोपऱ्यातले जुने चित्र गोठून राहते आणि पान उलटले तरी हलत नाही. असे झाल्यावर सॉफ्टवेअर पुन्हा बसवून किंवा यंत्र पुन्हा सुरू करून काहीही साधत नाही. पडदा बदलावा लागतो आणि त्याचा खर्च पुष्कळदा नव्या रीडरच्या जवळपास जातो.

यावरून काय टाळायचे ते आपोआप ठरते. रीडर पाठीवरच्या पिशवीत ठेवताना तो लॅपटॉप आणि पाण्याची बाटली यांच्या मध्ये अडकेल असा ठेवू नये; पिशवी ठासून भरली की बाटलीचा गोल भाग पडद्याच्या मधोमध दाब देतो. पलंगावर किंवा खुर्चीवर तो उपडा ठेवून उठू नये, कारण परत येऊन त्यावर बसणे ही अगदी सहज घडणारी गोष्ट आहे. एका हाताने एक कोपरा धरून जड कव्हरासह यंत्र उचलल्यास त्याला पीळ बसतो, म्हणून ते मध्यावर किंवा दोन्ही बाजूंनी धरावे. कव्हर बंद करण्यापूर्वी आत पेन, चष्म्याची काडी, किल्ली किंवा वाळूचा खडा राहिलेला नाही हे पाहावे. घट्ट बसणाऱ्या कव्हरातून रीडर काढताना अंगठ्याने पडद्यावर जोर देऊन तो वाकवून काढण्याची सवय अनेकांना असते. त्याऐवजी कव्हराची कड एका कोपऱ्यातून सैल करत यावे.

कव्हर निवडताना पुढची बाजू कडक असलेले घ्यावे. मऊ कापडी पिशवी ओरखड्यांपासून वाचवते, दाबापासून वाचवत नाही. अनेक कव्हरांत चुंबक असतो आणि तो यंत्रातल्या संवेदकाला खूण देतो, त्यामुळे कव्हर मिटताच यंत्र झोपी जाते आणि उघडताच जागे होते. ही सोय चांगली आहे, पण कव्हर मागे दुमडून वाचताना यंत्र मध्येच झोपू लागले तर दोष यंत्रात नसून चुंबकाच्या जागेत असू शकतो, हे ध्यानात ठेवावे. पडद्यावर चिकटवण्याची पारदर्शक पट्टी मात्र मी सुचवणार नाही. ती दाब थोपवू शकत नाही आणि वर चकाकी वाढवून कागदासारख्या दिसण्याचा मूळ लाभच कमी करते.

सुरुवातीची मांडणी

नवा रीडर हाती आल्यावर तो पूर्ण चार्ज करावा, वाय-फायला जोडून सॉफ्टवेअर अद्ययावत करावे आणि खाते नोंदवावे. याच वेळी पडद्याला अंकी कुलूप लावणे शहाणपणाचे आहे, कारण अनेक रीडरवरून थेट पुस्तके विकत घेता येतात आणि पैसे भरण्याचा तपशील खात्याला जोडलेला असतो. लहान मुले यंत्र वापरणार असतील तर खरेदी आणि वेब ब्राउझर बंद ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये शोधून घ्यावी.

त्यानंतर थोडा वेळ अक्षरांची मांडणी ठरवण्यासाठी द्यावा. हा वेळ वाया जात नाही, कारण अक्षराचा आकार, ओळींतले अंतर आणि समास हे तिन्ही आपल्या डोळ्यांना मानवतील असे ठरवता येणे हाच छापील पुस्तकापेक्षा या यंत्राचा मोठा फायदा आहे. आकार इतका असावा की हात सैल ठेवून, यंत्र डोळ्यांजवळ न ओढता वाचता यावे. समास फार अरुंद ठेवल्यास अंगठा मजकुरावर येतो आणि नकळत पान उलटते. ओळ फार लांब झाली तर पुढच्या ओळीची सुरुवात शोधताना डोळा अडखळतो. अशा वेळी अक्षर मोठे करण्यापेक्षा समास वाढवून पाहावा.

उजेडाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. रीडरचा दिवा पडद्याच्या मागे नसतो. कडेला बसवलेल्या बारीक एलईडी दिव्यांचा प्रकाश एका पारदर्शक थरातून पसरत पडद्यावर पडतो आणि तिथून परावर्तित होतो. म्हणून हा दिवा टेबलावरच्या दिव्याप्रमाणे वापरावा: पान आसपासच्या कागदाइतकेच उजळ दिसेल इतकाच तो ठेवावा. अंधाऱ्या खोलीत तो अगदी मंद पुरतो. दिवसा खिडकीजवळ त्याची गरजच नसते. पिवळसर छटेची सोय असल्यास संध्याकाळनंतर ती थोडी वाढवावी. बहुतेकांना ती रात्री अधिक सुखद वाटते.

काही पाने उलटल्यावर आधीच्या पानाची पुसट छाया मागे राहते. हा बिघाड नव्हे. काही कण पूर्णपणे जागा बदलत नाहीत म्हणून असे होते. यंत्र ठरावीक पानांनंतर पडदा एकदा काळा-पांढरा करून सगळे कण नव्याने मांडते. छाया खटकत असेल तर प्रत्येक पानाला पडदा ताजा करण्याचा पर्याय निवडावा. लुकलुक खटकत असेल तर प्रत्येक प्रकरणाला एकदा हा पर्याय घ्यावा. नुसत्या मजकुराच्या पुस्तकांसाठी दुसरा पर्याय पुरेसा होतो.

पुस्तके, फाइली आणि देवनागरी

ई-पुस्तकांचे दोन ढोबळ प्रकार आहेत आणि त्यांतला फरक न कळल्यामुळे अनेकांचे पहिले अनुभव निराशेचे ठरतात. ईपब या प्रकारात मजकूर वाहता असतो. अक्षर मोठे केले की ओळी नव्याने जुळतात. हा खुला प्रमाणित प्रकार २००७ साली स्वीकारला गेला आणि आज बहुतेक रीडर तो वाचतात. पीडीएफमध्ये मात्र पानाची रचना पक्की असते. मोठ्या आकाराच्या पानाची पीडीएफ सहा-सात इंची पडद्यावर उघडली की अक्षरे मुंगीएवढी दिसतात आणि मोठी करू गेल्यास प्रत्येक ओळीसाठी पान इकडून तिकडे सरकवावे लागते. अशा वेळी कोरे समास कापण्याची सोय वापरावी किंवा यंत्र आडवे धरून अर्धे-अर्धे पान वाचावे. ज्यांचे काम मुख्यतः पीडीएफमधील शोधनिबंधांचे किंवा कोष्टकांचे आहे त्यांनी दहा इंचांच्या आसपासचा पडदाच पाहावा. लहान पडद्यावर तडजोड करत राहण्यात डोळ्यांचे आणि वेळेचे नुकसान आहे.

किंडल या ॲमेझॉनच्या रीडरचे फाइल-प्रकार वेगळे आहेत, पण २०२२ पासून ॲमेझॉनच्या सेंड टू किंडल या सेवेतून ईपब फाइल पाठवली की ती त्या यंत्राला वाचता येईल अशा रूपात बदलून मिळते. फाइली एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेण्यासाठी, मुखपृष्ठ आणि लेखकाचे नाव दुरुस्त करण्यासाठी आणि सगळा संग्रह संगणकावर नीट ठेवण्यासाठी कॅलिबर हा मोफत आणि मुक्तस्रोत प्रोग्राम उत्तम आहे. कोविद गोयल यांनी त्याचे काम २००६ साली सुरू केले आणि आजही तो सातत्याने सुधारला जातो. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली पुस्तके मिळवण्यासाठी मायकेल हार्ट यांनी १९७१ साली सुरू केलेला प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि विकिस्रोत या दोन्ही ठिकाणी ईपब फाइली उपलब्ध असतात. विकिस्रोतावर मराठी ग्रंथांचा स्वतंत्र विभागही आहे.

मराठी पुस्तके वाचताना काही गोष्टी मुद्दाम तपासाव्या लागतात. देवनागरीत अक्षरे नुसती एकापुढे एक ठेवून चालत नाही. जोडाक्षरे घडवण्याचे आणि वेलांट्या योग्य जागी बसवण्याचे काम यंत्राच्या सॉफ्टवेअरला करावे लागते. म्हणून रीडर घेण्यापूर्वी किंवा नवा फाँट घातल्यावर एक छोटी चाचणी करावी. स्त्री, राष्ट्र, तऱ्हा, ज्ञान, दुर्मिळ, ॲप, ऑफिस असे शब्द असलेले पान उघडून पाहावे. वेलांटी भलत्या अक्षरावर गेली, रफार सुटा पडला, पाय मोडलेली अक्षरे सुटी दिसली किंवा अक्षराऐवजी चौकोन आला तर फाँट बदलून पाहावा. किंडल आणि कोबो या दोन्ही यंत्रांत संगणकाला जोडल्यावर फाँटसाठी असलेल्या फोल्डरमध्ये आपल्या पसंतीचा फाँट टाकता येतो. नोटो सेरिफ देवनागरी किंवा मुक्ता हे मोफत फाँट यासाठी चांगले आहेत. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर पुस्तकाच्या फाइलीत भाषा मराठी म्हणून नोंदलेली असणे उपयोगी पडते, कारण काही फाँट त्या नोंदीवरूनच अक्षराचे वळण ठरवतात. ही नोंद कॅलिबरमध्ये सहज बदलता येते.

जुन्या मराठी पीडीएफ ईपबमध्ये बदलल्यावर मजकुराऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसली तर गोंधळून जाऊ नये. ती फाइल युनिकोड ही सर्व लिपींची सामायिक अक्षर-संकेतपद्धती रुळण्यापूर्वीच्या काळातल्या फाँटवर बनलेली असते; त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत आणि फाँट बाजूला झाला की मूळ रोमन अक्षरे उघडी पडतात. आधी त्या फाँटच्या परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि मगच ईपब करावी. पाने स्कॅन करून केलेली पीडीएफ तर केवळ चित्रांचा संच असते. अक्षर-ओळख केल्याशिवाय तिच्यात शब्द शोधता येत नाही, अक्षरही मोठे करता येत नाही.

यूएसबीने पुस्तके भरल्यावर केबल ओढून काढू नये. संगणकावर यंत्र सुरक्षितपणे विलग करण्याची आज्ञा द्यावी आणि मगच केबल काढावी. लिहिणे अपुरे असताना जोड तुटला तर एखादी फाइल अर्धवट राहते, आणि कधी सगळी मांडणीच बिघडून यंत्र पुन्हा कोरे करावे लागते. एकाच वेळी शेकडो पुस्तके भरणेही टाळावे. शब्दशोधासाठी यंत्र प्रत्येक नव्या पुस्तकाची सूची तयार करते आणि ते काम चालू असताना पान उलटायला वेळ लागतो, बॅटरीही झरझर उतरते.

विकत घेतलेल्या पुस्तकांवर अनेकदा प्रत करण्यास अटकाव करणारे संरक्षण असते आणि ती त्या-त्या दुकानाच्या खात्याशी बांधलेली असतात. खरेदी केलेली पुस्तके संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात नेण्याची सोय ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. त्यामुळे जिथे संरक्षणाविना फाइल मिळते तिथून घेणे मला अधिक श्रेयस्कर वाटते, आणि अशा फाइलींची एक प्रत संगणकावर व दुसरी वेगळ्या डिस्कवर ठेवावी. आपण केलेली अधोरेखने आणि टिपणे यांचीही अशीच काळजी घ्यावी. किंडल ती एका साध्या मजकूर-फाइलीत साठवते. इतर यंत्रांत ती निर्यात करण्याचा पर्याय असतो. दर काही महिन्यांनी ती फाइल उतरवून ठेवावी. अभ्यासाने वाचणाऱ्याच्या दृष्टीने त्या फाइलीची किंमत यंत्रापेक्षा अधिक असते.

बॅटरी आणि चार्जिंग

रीडरमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते आणि लहान यंत्रांत तिची क्षमता साधारण १,००० ते २,००० मिलीअँपिअर-अवर इतकी, म्हणजे आजच्या मोबाइलच्या निम्म्याहून कमी असते. जाहिरातीत बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते असे म्हटलेले असते. तो हिशेब बहुधा दिवसाला अर्धा तास वाचन, वायरलेस बंद आणि दिवा मध्यम, असा धरलेला असतो. रोज दोन-तीन तास वाचणाऱ्याने त्या आकड्याला त्याच प्रमाणात भागावे आणि मगच बॅटरी लवकर उतरते की नाही ते ठरवावे.

लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी झिजवतात: उष्णता आणि टोकाची अवस्था. ती सदैव काठोकाठ भरलेली ठेवणे किंवा वारंवार पूर्ण रिकामी होऊ देणे, दोन्ही वाईट. साधारण २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ती राहिली तर उत्तम. पण रीडर महिन्यातून काही वेळाच चार्ज करावा लागत असल्याने या आकड्यांची फार चिंता करण्याचे कारण नाही. प्रवासाला निघताना तो पूर्ण भरून घेतला म्हणून काही बिघडत नाही. खरी हानी होते ती यंत्र महिनोन्‌महिने कपाटात पडून राहते तेव्हा. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर तिचा विद्युतदाब इतका खाली जातो की नंतर ती चार्ज घेतच नाही. दीर्घकाळ वापर नसेल तर बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवून यंत्र पूर्ण बंद करावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी पाहून पुन्हा निम्म्यावर आणावे.

उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत रीडर ठेवणे हा बॅटरीवर सर्वांत मोठा अन्याय आहे. वापरासाठी शून्य ते ३५ अंश सेल्सिअस ही मर्यादा अनेक उत्पादक सांगतात, आणि बंद मोटारीतले तापमान ती सहज ओलांडते. याउलट शून्याखालच्या थंडीत यंत्र चार्ज करू नये. अशा वेळी बॅटरीच्या आत लिथियम धातूचा थर साचून तिची क्षमता कायमची घटते आणि धोकाही वाढतो. बाहेरच्या थंडीतून आत आल्यावर यंत्र खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे आणि मगच केबल लावावी.

चार्जर ५ व्होल्टचा, प्रमाणित आणि नामांकित बनावटीचा असावा. केबलच्या टोकाजवळचे आवरण फाटले असेल तर ती टाकून द्यावी. चार्जिंग चालू असताना यंत्र उशीखाली, पांघरुणात किंवा गादीवर ठेवू नये, कारण तिथे उष्णता साचते. टेबलासारख्या कडक आणि मोकळ्या जागेवर ठेवावे. पोर्टमध्ये धूळ किंवा धागे साचून केबल नीट बसत नसेल तर यंत्र बंद करून लाकडी दातकोरणीने ते हलकेच काढावे. सुई किंवा टाचणी आत घालू नये.

बॅटरी नेहमीपेक्षा फार वेगाने उतरू लागली तर लगेच ती संपली असे मानू नये. वाय-फाय सतत चालू आहे का, दिवा नकळत वाढला आहे का, आणि एखाद्या बिघडलेल्या फाइलीमुळे सूची बनवण्याचे काम अडकून तर पडले नाही ना, हे आधी पाहावे. नुकतीच भरलेली पुस्तके एकेक काढून पाहिल्यास दोषी फाइल सापडते. पुस्तके उतरवून झाल्यावर एअरप्लेन मोड चालू ठेवणे ही सर्वांत सोपी बचत आहे.

मात्र बॅटरी फुगली असेल तर वाट पाहू नये. यंत्राची पाठ उंचावलेली दिसणे, पडदा चौकटीतून किंचित वर येणे, सपाट टेबलावर यंत्र डुगडुगणे किंवा वापर नसतानाही ते गरम लागणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा यंत्राला पुन्हा चार्जर लावू नये, ते दाबून सपाट करण्याचा प्रयत्न करू नये आणि बॅटरीला टोक लागू देऊ नये. ते बंद करून कागद, कापड यांसारख्या ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवावे आणि लवकरात लवकर अधिकृत सेवा केंद्रात किंवा ई-कचरा संकलनाच्या ठिकाणी द्यावे. धूर निघू लागला तर दूर व्हावे, तो श्वासात जाऊ देऊ नये आणि अग्निशमन दलाला कळवावे. लिथियम बॅटरीचा धूर विषारी असतो. विमानप्रवासात रीडर हातातल्या सामानात ठेवणे योग्य, म्हणजे काही झाले तर ते लगेच लक्षात येते.

पाणी, धूळ आणि स्वच्छता

यंत्रावर आयपीएक्स८ असे लिहिलेले असेल तर ते पाण्यात पडले तरी टिकण्याची चाचणी झालेली असते. अनेक रीडरच्या बाबतीत ही चाचणी २ मीटर खोल गोड्या पाण्यात ६० मिनिटांची असते. या खुणेतल्या एक्सचा अर्थ धुळीसाठी वेगळी श्रेणी दिलेली नाही असा आहे, म्हणून जलरोधक रीडरलाही वाळूपासून जपावेच लागते. शिवाय ही क्षमता कायमची नसते. यंत्र आपटले किंवा एकदा उघडून दुरुस्त केले की सांध्यातले रबर आणि गोंद पूर्वीसारखे राहतीलच असे नाही. मुद्दाम पाण्यात बुडवून क्षमता तपासण्याचा मोह टाळावा.

जलरोधक यंत्रावर समुद्राचे, साबणाचे किंवा पोहण्याच्या तलावाचे पाणी पडले तर साध्या स्वच्छ पाण्याने ते धुवावे, पोर्ट खाली करून पाणी निथळू द्यावे आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नये. जलरोधक नसलेले यंत्र भिजले तर ते ताबडतोब बंद करावे, कव्हर काढावे, कोरड्या कापडाने टिपावे आणि पंख्याच्या वाऱ्यात किमान दोन दिवस उभे ठेवावे. सुरू होते का हे पाहण्यासाठी मधेमधे बटण दाबणे घातक आहे, कारण ओलाव्यात वीज खेळली तर जे वाचले असते तेही जाते. तांदळात यंत्र पुरून ठेवण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो, पण तांदळाची पूड पोर्टमध्ये शिरते आणि मोकळ्या हवेपेक्षा त्याचा काही विशेष उपयोग होत नाही. केस वाळवण्याच्या यंत्राची उष्ण हवाही देऊ नये.

पडदा पुसायला चष्म्याचे मऊ कापड पुरते. डाग हटत नसेल तर कापड पाण्याने किंचित ओलसर करावे. पाणी थेट पडद्यावर शिंपडू नये. काचेचे क्लीनर आणि अल्कोहोल वापरू नयेत, त्याने वरच्या थराची खरखर जाऊन डाग पडू शकतात. ज्या जुन्या यंत्रांत पडदा चौकटीपेक्षा खोलगट असतो, त्यांपैकी काहींत स्पर्श ओळखण्यासाठी चौकटीतून अवरक्त किरण सोडलेले असतात. अशा यंत्रात आपोआप पाने उलटू लागली तर चौकटीच्या आतल्या कडेला साचलेली धूळ मऊ ब्रशने काढावी. बहुतेकदा तेवढ्याने काम होते.

अडकल्यास, हरवल्यास, देऊन टाकताना

यंत्र गोठले तर आधी बटण दीर्घकाळ दाबून ते पुन्हा सुरू करावे. किंडलमध्ये यासाठी सुमारे ४० सेकंद बटण धरून ठेवावे लागते आणि अनेक जण दहाव्या सेकंदालाच सोडून देतात. बॅटरी पूर्ण रिकामी झाली असेल तर चार्जर लावल्यावरही पडदा काही काळ तसाच राहतो, म्हणून तासभर थांबून पाहावे. सर्व माहिती पुसून यंत्र मूळ अवस्थेत नेणे हा शेवटचा उपाय आहे. तो करण्यापूर्वी टिपणांची फाइल आणि स्वतः भरलेली पुस्तके संगणकावर घेतली आहेत याची खात्री करावी, कारण दुकानातून घेतलेली पुस्तके खात्यातून पुन्हा उतरवता येतात, पण केबलने भरलेली येत नाहीत.

रीडर हरवला तर संगणकावरून खात्यात जाऊन त्या यंत्राची नोंदणी रद्द करावी आणि पासवर्ड बदलावा. तो दुसऱ्याला देताना किंवा विकतानाही आधी नोंदणी रद्द करावी आणि मग माहिती पुसावी. केवळ माहिती पुसून यंत्र खात्याला जोडलेलेच राहिले तर नव्या वाचकाला ते वापरताना अडचण येऊ शकते. देताना केबल सोबत द्यावी, बॅटरी निम्म्याच्या वर ठेवावी, आणि आतल्या पातळ काचेवर दाब पडू देऊ नये एवढे घेणाऱ्याला जरूर सांगावे. वापरण्याच्या पलीकडे गेलेले यंत्र मात्र घरच्या कचऱ्यात टाकू नये. बॅटरीसकट ते ई-कचऱ्याच्या संकलनात द्यावे.